युद्धानंतरची शेती, युद्धानंतरचे ताट : रुवांडातील पोषणाचा धडा

युद्ध आणि उपासमार यांचे नाते पुरातन आहे. पूर्वीच्या काळी शत्रूच्या मुलुखातील उभी पिके जाळणे, विहिरी बुजविणे व किल्ल्याची रसद तोडणे हे युद्धनीतीचेच एक अंग मानले जाई. काळ बदलला, आंतरराष्ट्रीय कायदे झाले. परंतु हे नाते अद्याप तुटलेले नाही. जागतिक अन्नसंकटाविषयीच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ साली ५३ देशांतील सुमारे २९.५ कोटी लोक तीव्र अन्नटंचाईला तोंड देत होते. त्यांपैकी जवळजवळ १४ कोटी लोक अशा २० देशांत राहत होते, की जेथे या टंचाईचे प्रमुख कारण अवर्षण किंवा महापूर नसून सशस्त्र संघर्ष हे होते.

संघर्षाची झळ सर्वांनाच लागते. परंतु सर्वांत खोल जखम होते ती लहान बालकांना. गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण एक हजार दिवसांत शरीराची व मेंदूची वाढ झपाट्याने होत असते. या काळात पुरेसा व सकस आहार मिळाला नाही तर उंची खुंटते, रोगप्रतिकारशक्ती घटते आणि शिकण्याची क्षमताही उणावते. पुढे कितीही अन्न दिले तरी हे नुकसान पूर्णपणे भरून निघत नाही. म्हणजेच तहावर स्वाक्षऱ्या झाल्या, तोफा थंडावल्या, तरी युद्धाचा परिणाम एका संपूर्ण पिढीच्या शरीरात पुढील पन्नास-साठ वर्षे शिल्लक राहतो. म्हणूनच संघर्षग्रस्त देशांत पोषण कसे सुधारावे, हा प्रश्न दयाबुद्धीपुरता मर्यादित नाही. तो राष्ट्राच्या उभारणीचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यत्वे आफ्रिका खंडातील रुवांडा या लहानशा देशाच्या अनुभवाच्या आधारे केला आहे. पुणे व सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढे क्षेत्रफळ होईल, जवळजवळ तेवढेच, म्हणजे सुमारे २६ हजार चौरस किलोमीटर, या देशाचे क्षेत्रफळ आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ कोटी ३२ लाख. डोंगराळ प्रदेश, अत्यल्प भूधारणा आणि शेतीवर अवलंबून असलेली बहुसंख्य कुटुंबे ही तेथील परिस्थिती आपल्या वाचकांना अपरिचित वाटू नये.

अन्नव्यवस्था म्हणजे काय ?

अन्न म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धान्याचे कोठार उभे राहते. परंतु शेतातील दाणा मुलाच्या पोटात जाऊन त्याच्या अंगी लागेपर्यंत मध्ये अनेक दुवे असतात. बियाणे, जमीन, पाणी, मजुरी, साठवण, वाहतूक, बाजारपेठ, कुटुंबाची मिळकत, चूल आणि सरपण, आईला मिळणारा वेळ, पिण्याचे शुद्ध पाणी व आजारपणात मिळणारा औषधोपचार या सर्वांची मिळून जी साखळी बनते तिला अन्नव्यवस्था असे म्हणता येईल. साखळीतील एक कडी निखळली तरी इतर कड्या असून नसल्यासारख्या होतात.

येमेन या देशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे लागणाऱ्या गव्हापैकी सुमारे ९० टक्के गहू परदेशांतून येतो. २०१५ साली तेथील संघर्षाने उग्र रूप धारण केले. तांबड्या समुद्रावरील हुदैदा व सलीफ या बंदरांतून देशाची बहुतांश आयात होत असे. तेथे जहाजांची ये-जा विस्कळीत झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये मध्यवर्ती बँकेचे विभाजन झाले, लाखो सरकारी नोकरांचे पगार थकले आणि चलनाची किंमत घसरली. दुकानात पीठ होते. परंतु शिक्षकाच्या किंवा परिचारिकेच्या खिशात ते घेण्यासाठी पैसे नव्हते. पंप बंद पडल्याने पिण्याचे पाणी दूषित झाले आणि २०१७ अखेर कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली. जुलाबाने बेजार झालेल्या बालकाला खाऊ घातलेले अन्न अंगी लागत नाही, हे अंगणवाडी सेविकेला सांगावे लागत नाही. बंदर, बँक, पगार, पंप व पोट यांचा परस्परसंबंध किती घनिष्ठ असतो याचे हे बोलके उदाहरण होय.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या दुष्काळविषयक ग्रंथात हाच मुद्दा शास्त्रीय रीतीने मांडला. देशात अन्न असणे ही एक गोष्ट आणि प्रत्येक कुटुंबाला ते मिळविण्याची ऐपत व हक्क असणे ही दुसरी गोष्ट. उपासमार बहुधा दुसऱ्या गोष्टीच्या अभावी होते. रुवांडाच्या शेतांतही पुढे याच विचाराचा प्रत्यय आला.

१९९४ चा प्रलय

७ एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवस रुवांडात जो नरसंहार झाला तो विसाव्या शतकातील अत्यंत भीषण घटनांपैकी एक होय. मुख्यत्वे तुत्सी जमातीच्या आणि हत्याकांडाला विरोध करणाऱ्या हुतू नागरिकांच्या कत्तली झाल्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार सुमारे आठ लाख, तर रुवांडा सरकारच्या गणनेनुसार दहा लाखांहून अधिक माणसे मारली गेली. सुमारे वीस लाख लोक शेजारील देशांत पळून गेले. त्या वेळी झाईर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशातील गोमा शहराजवळच्या छावण्यांत जुलै १९९४ मध्ये कॉलरा व हगवण यांच्या साथींनी हजारो निर्वासितांचे बळी घेतले.

शेतीच्या दृष्टीने ही आपत्ती अत्यंत वाईट वेळी आली. रुवांडात वर्षातून दोन मुख्य हंगाम असतात. पहिल्या हंगामाची पेरणी सप्टेंबरच्या सुमारास आणि दुसऱ्याची फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. एप्रिलमध्ये कत्तली सुरू झाल्या तेव्हा दुसऱ्या हंगामाचे पीक शेतात उभे होते आणि त्याची राखण करणारा, खुरपणी करणारा व काढणी करणारा माणूस एकतर मारला गेला होता किंवा परागंदा झाला होता. गुरेढोरे लुटली गेली. कृषी संशोधन केंद्रे उद्ध्वस्त झाली. सप्टेंबरच्या पेरणीसाठी बी कोठून आणावयाचे, हा प्रश्न सर्वांसमोर उभा राहिला.

बियाण्याच्या प्रश्नातून मिळालेला धडा

घेवडा हे रुवांडाच्या आहाराचे अधिष्ठान आहे. आपण ज्याला राजमा म्हणतो, आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात ज्याचा वाघ्या घेवडा हा वाण प्रसिद्ध आहे, तेच हे पीक. दरडोई घेवडा खाण्यात रुवांडाचा क्रमांक जगात अगदी वरचा लागतो. गरिबांच्या घरी मांस वा दूध क्वचितच येत असल्याने प्रथिनांचा मोठा हिस्सा घेवड्यातूनच मिळतो. रुवांडाचा शेतकरी एकाच शेतात अनेक रंगांच्या, अनेक वाणांच्या बियांचे मिश्रण पेरतो. पाऊस कमी झाला तर एक वाण तग धरतो, जास्त झाला तर दुसरा. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे वाणवैविध्य युद्धात कायमचे नष्ट झाले असावे, अशी भीती १९९४ मध्ये सर्वत्र व्यक्त होत होती.

या भीतीपोटी कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राच्या पुढाकाराने अनेक आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था एकत्र आल्या व 'आशेची बियाणी' या अर्थाच्या नावाने एक उपक्रम सुरू झाला. रुवांडाला मानवणारे वाण शेजारील देशांत वाढवून परत आणावेत, असा त्याचा उद्देश होता. त्याचबरोबर संशोधकांनी आणखी एक गोष्ट केली, आणि तीच पुढे अधिक मोलाची ठरली. त्यांनी शेतकऱ्यांच्या घरोघरी जाऊन पाहणी केली : तुमच्याजवळ बी आहे काय, ते कोठून आणले, कोणते वाण गेले, कोणते उरले ?

या पाहणीचा निष्कर्ष अनपेक्षित होता. घेवड्याचे वाण बहुतांशी टिकून होते. परागंदा झालेले लोक परतले तेव्हा काहींनी शेजाऱ्यांकडून, नातलगांकडून व मोठ्या प्रमाणावर गावच्या आठवडी बाजारातून बी मिळविले होते. अडचण होती ती पैशाची. बाजारात बी होते, पण घरदार गमावलेल्या कुटुंबाजवळ ते विकत घेण्याचे साधन नव्हते. याउलट बटाट्याचे बेणे ज्या सरकारी व संशोधन संस्थांच्या यंत्रणेवर अवलंबून होते ती यंत्रणाच कोलमडल्यामुळे बटाट्याच्या लागवडीस जबर फटका बसला. ज्या पिकाचे बी लोकांच्या हातात होते ते पीक वाचले, आणि ज्याचे बी एकाच यंत्रणेच्या हाती होते ते अडचणीत आले.

या अनुभवाने आपद्ग्रस्तांना बियाणे पुरविण्याच्या प्रचलित पद्धतीवर प्रश्नचिन्ह उभे केले. परदेशांतून जहाजे भरून बी आणून वाटले तर ते त्या मातीला मानवेलच असे नाही; शिवाय स्थानिक बाजारातील व्यापारी व बी राखणारे शेतकरी यांचा धंदा बुडतो. म्हणून २००० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत बियाणे-मेळ्यांची पद्धत पुढे आली. गरजू कुटुंबांना ठरावीक किमतीच्या चिठ्ठ्या दिल्या जात. मेळ्यात आसपासचे शेतकरी व व्यापारी आपापले बी मांडीत, आणि गरजू स्त्री-पुरुष आपल्या पसंतीचे पीक व वाण निवडून चिठ्ठी देत. मदतीचा पैसा गावातच राही, निवड करण्याचा अधिकारही शाबूत राही. दान घेणाऱ्याच्या हाती निवड ठेवणे, हे या पद्धतीचे मर्म होय.

प्रथम प्राण वाचविणे

शेती सावरण्यास हंगाम लागतात. कुपोषणाने मरणासन्न झालेले बालक एक आठवडाही थांबू शकत नाही. म्हणून अन्नव्यवस्थेची उभारणी आणि तातडीचा उपचार ही दोन्ही कामे एकाच वेळी हाती घ्यावी लागतात. पूर्वी तीव्र कुपोषित बालकांना रुग्णालयात किंवा उपचार केंद्रात कित्येक आठवडे ठेवून दुधाचे विशेष मिश्रण पाजावे लागे. अशांत प्रदेशात आईला घरची इतर मुले सोडून इतके दिवस राहणे अशक्य होई. शिवाय मिश्रणासाठी लागणारे पाणी अशुद्ध असले तर उपचारच घातक ठरे.

१९९६ मध्ये फ्रेंच तज्ज्ञ आंद्रे ब्रियां यांच्या सहभागाने शेंगदाण्याचा कूट, दुधाची भुकटी, तेल, साखर, जीवनसत्त्वे व खनिजे यांची लापशीसारखी घट्ट पेस्ट तयार करण्यात आली. ९२ ग्रॅमच्या एका पुडीतून सुमारे ५०० कॅलरी ऊर्जा मिळते. तीत पाणी घालावे लागत नाही, ती शिजवावी लागत नाही आणि घरीच देता येते. २००० नंतर इथिओपिया, सुदान आदी देशांत या खाद्याच्या साहाय्याने गावपातळीवर उपचाराचे प्रयोग झाले आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रसंघाच्या संबंधित संस्थांनी संयुक्त निवेदनाद्वारे या पद्धतीस मान्यता दिली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित समजावे, ही साधी कसोटी आज जगभर वापरली जाते. रंगीत पट्टीने दंड मोजण्याचे काम अल्पशिक्षित स्वयंसेविका, किंबहुना स्वतः आईदेखील, करू शकते.

या उपायाने असंख्य जीव वाचले. तथापि पुडीने वाचलेले मूल ज्या घरी परत जाते त्या घरात सकस अन्न नसेल तर ते काही महिन्यांनी पुन्हा त्याच अवस्थेत येते. म्हणून पुडीच्या पलीकडे, शेत आणि स्वयंपाकघर यांच्याकडे वळणे क्रमप्राप्त ठरते.

वेलीवरचा घेवडा आणि दाण्यातील लोह

रुवांडात सरासरी धारणक्षेत्र एक हेक्टरहून कमी आहे. जमीन वाढविता येत नाही. मात्र पीक उंच नेता येते. १९८० च्या दशकात तेथील राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने वेली घेवड्याच्या सुधारित वाणांचा प्रसार सुरू केला होता. काठ्यांच्या आधाराने माणसाच्या उंचीहून वर जाणारा हा घेवडा झुडपी घेवड्याच्या तुलनेत दुप्पट-तिप्पट उत्पन्न देऊ शकतो. वाण निवडण्यासाठी अनुभवी शेतकरी स्त्रियांना संशोधन केंद्रावर बोलावण्याचा प्रयोगही त्याच काळात झाला. कोणता दाणा लवकर शिजतो, कोणता केळीच्या सावलीत येतो, कोणत्याची पाने भाजीला चालतात, हे त्यांना शास्त्रज्ञांहून अधिक ठाऊक होते, आणि त्यांनी निवडलेले वाण शेतात सरस ठरले. युद्धानंतर घेवड्याची शेती सावरली त्यामागे ही पूर्वतयारी होती.

पोट भरले तरी पोषण झाले असे होत नाही. रुवांडात स्त्रिया व बालके यांच्यात रक्तक्षयाचे प्रमाण मोठे होते. जे अन्न लोक रोज खातात त्याच अन्नात लोह वाढविले तर, हा विचार पुढे आला. निरनिराळ्या वाणांचा संकर करून दाण्यातच अधिक लोह साठविणारे घेवड्याचे वाण तयार करण्यात आले आणि २०१० नंतर ते रुवांडाच्या शेतकऱ्यांना मिळू लागले. अशा घेवड्याचा उपयोग होतो की नाही हे पाहण्यासाठी तेथील विद्यापीठात १८ ते २७ वर्षे वयाच्या, शरीरात लोहाचा साठा कमी असलेल्या १९५ युवतींवर १२८ दिवसांचा प्रयोग करण्यात आला. निम्म्या युवतींच्या जेवणात साधा घेवडा होता. त्यात दर किलोस सुमारे ५० मिलिग्रॅम लोह होते. उर्वरितांच्या जेवणातील नव्या वाणात ते ८६ मिलिग्रॅम होते. प्रयोगाअखेर नव्या वाणाचा घेवडा खाणाऱ्या युवतींचे हिमोग्लोबिन व लोहाचा साठा तुलनेने सुधारल्याचे आढळले. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या पद्धतीचा लाभ असा की बी एकदा घरी आले की शेतकरी ते स्वतः राखून पुन्हा पेरू शकतो व शेजाऱ्याला देऊ शकतो. गोळ्यांचा पुरवठा रस्ता बंद होताच थांबतो. बियाण्याचा पुरवठा अंगणातच चालू राहतो. अस्थिर देशात या गुणाचे मोल विशेष आहे.

गाय, परसबाग आणि गावची यंत्रणा

२००६ मध्ये रुवांडा सरकारने 'गिरिंका' नावाची योजना सुरू केली. 'तुझ्या घरी गाय असो' असा या शब्दाचा भाव असून तो तेथील जुना शुभेच्छापर उद्गार आहे. योजनेत गरीब कुटुंबास एक गाय दिली जाते. तिला होणारी पहिली कालवड त्या कुटुंबाने दुसऱ्या गरीब कुटुंबास द्यावयाची असते. मुलांना दूध, शेताला खत आणि उरलेल्या दुधाचे पैसे असा तिहेरी लाभ यात आहे. जेथे काही वर्षांपूर्वी शेजाऱ्याने शेजाऱ्याचा जीव घेतला तेथे एका घरची कालवड दुसऱ्या घरी जाणे, याचा सामाजिक अर्थही मोठा आहे. जुलै २०१८ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी रुवेरू या गावी या योजनेसाठी २०० गाई भेट दिल्या, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी काहींच्या स्मरणात असेल.

गाईखेरीज परसबागेवरही भर देण्यात आला. घराजवळच्या थोड्याशा जागेत, दगडमातीचे गोल वाफे रचून, सांडपाण्यावर पालेभाज्या, गाजर, कांदे लावावयाचे, अशी ही पद्धत. घेवड्यातील लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते, हे लक्षात घेतले म्हणजे घेवड्याच्या जोडीला हिरव्या भाजीचे महत्त्व स्पष्ट होते.

ही सर्व कामे एकमेकांना जोडणारा दुवा म्हणजे गावोगावच्या निवडलेल्या आरोग्य स्वयंसेविका व स्वयंसेवक. देशभरात त्यांची संख्या काही दशसहस्र आहे. मुलांची वजने घेणे, दंड मोजणे, मातांना एकत्र जमवून गावात मिळणाऱ्या जिनसांतून सकस आहार शिजवून दाखविणे ही कामे ते करतात. जिल्हाप्रमुखांनी वर्षारंभी आपल्या कामाची उद्दिष्टे जाहीर करून वर्षअखेर त्यांचा हिशेब द्यावयाचा, अशी पद्धतही तेथे २००६ पासून आहे. पोषणाची उद्दिष्टे त्यात आल्याने हा विषय केवळ आरोग्य खात्याचा राहिला नाही. गर्भवती, स्तनदा माता व दोन वर्षांखालील बालके यांच्यासाठी मका व सोयाबीनपासून बनविलेले पूरक पोषक पीठ २०१७ पासून देशातच तयार होऊ लागले. त्यासाठी लागणाऱ्या मक्याचा काही भाग स्थानिक शेतकऱ्यांकडून घेतला जातो.

आकडे काय सांगतात ?

या प्रयत्नांचे फलित कोणते ? वयाच्या मानाने उंची कमी असणाऱ्या, म्हणजे खुरटलेल्या, पाच वर्षांखालील बालकांचे प्रमाण रुवांडात २००५ साली ५१ टक्के होते. २०१० मध्ये ते ४४, २०१४-१५ मध्ये ३८ व २०१९-२० मध्ये ३३ टक्क्यांवर आले. पंधरा वर्षांत अठरा अंकांची ही घट उल्लेखनीय आहे.

परंतु अभ्यासकाने आकड्यांची दुसरी बाजूही पाहावयास हवी. २०१९-२० च्या पाहणीत सर्वांत संपन्न गटातील ११ टक्के बालके खुरटलेली होती, तर सर्वांत गरीब गटात हे प्रमाण ४९ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांतील रक्तक्षयाचे प्रमाण २०१४-१५ मध्ये ३७ टक्के होते व पाच वर्षांनंतरही ते ३७ टक्केच राहिले. एक देश, एकच धोरण. पण डोंगरावरच्या भूमिहीनाचे मूल आणि शहरातील नोकरदाराचे मूल यांच्यातील अंतर मिटलेले नाही.

कृषी धोरणाविषयीही मतभेद आहेत. २००७ मध्ये सुरू झालेल्या पीक-सघनता कार्यक्रमात लहान तुकडे एकत्र धरून एका भागात ठरावीक पीक घेण्यावर, सुधारित बी व रासायनिक खतांवर भर देण्यात आला. मका, गहू, बटाटा यांचे उत्पादन वाढले. तथापि मिश्र पिके मागे पडली, काय पेरावे हे ठरविण्याचे शेतकऱ्यांचे स्वातंत्र्य संकोचले आणि ताटातील विविधता घटली, अशी टीका अनेक अभ्यासकांनी केली आहे. उत्पादनाचे टन वाढले म्हणजे पोषण आपोआप वाढते, हा समज येथे खोटा ठरतो. शेतातील पिकांची निवड करताना बाजाराबरोबरच घरच्या चुलीचाही विचार व्हावयास हवा.

शांततेला पर्याय नाही

रुवांडात हे घडू शकले, कारण १९९० च्या दशकाच्या अखेरीनंतर देशांतर्गत शांतता टिकली. सीमेपलीकडील पूर्व काँगोत मात्र हिंसाचार थांबलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर एम-२३ या बंडखोर गटाने ताब्यात घेतले. या गटाला रुवांडाचे पाठबळ असल्याचा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी नोंदविला आहे. रुवांडा सरकारने तो अमान्य केला आहे. एका बाजूस घेवड्याचे मळे आणि दुसऱ्या बाजूस तीच माती, तोच पाऊस असूनही शेत सोडून पळणारी कुटुंबे, असे हे विषण्ण करणारे चित्र आहे.

आंतरराष्ट्रीय कायदा या बाबतीत मूक नाही. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पूरक मसुद्यांनी नागरिकांची उपासमार घडविणे हे युद्धतंत्र म्हणून निषिद्ध ठरविले आहे. २४ मे २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४१७ एकमताने संमत करून संघर्ष आणि भूक यांचा संबंध स्पष्टपणे मान्य केला व उपासमारीचा शस्त्रासारखा वापर करण्याचा निषेध केला. ठरावाची अंमलबजावणी हा मात्र अद्याप चिंतेचा विषय आहे.

आपण काय घ्यावे ?

महाराष्ट्रात युद्ध नाही. परंतु कुपोषण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुरटलेली होती. जवळजवळ त्याच वर्षी रुवांडातील प्रमाण ३३ टक्के होते. नरसंहारातून उठलेल्या एका गरीब देशाचा आकडा आणि आपला आकडा जवळजवळ सारखा असावा, ही बाब आपणा सर्वांना अंतर्मुख करणारी आहे.

रुवांडातील घेवड्यासारखा प्रयोग आपल्याकडेही झाला आहे. हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत विकसित झालेला लोहयुक्त बाजरीचा 'धनशक्ती' हा वाण प्रथम महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना उपलब्ध झाला व २०१४ मध्ये देशभरासाठी अधिसूचित झाला. तत्कालीन अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींना लोहयुक्त बाजरीची भाकरी व शेव देऊन केलेल्या अभ्यासात त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा चार महिन्यांत वाढल्याचे दिसून आले. भाकरी तीच, चूल तीच. केवळ बी बदलले.

या सर्व विवेचनातून पंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांना पुढील मुद्दे विचारार्थ घेता येतील.

(१) टंचाईच्या काळात मदत ठरविण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहणी करावी. गावात धान्य किंवा बी नाही, की ते घेण्याची ऐपत नाही, हे आधी निश्चित करावे. दोन्हींवरील उपाय भिन्न आहेत.

(२) गावचे बी गावात राहील असे पाहावे. देशी वाण राखणाऱ्या स्त्री-पुरुषांची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी. आपत्तीत हेच कोठार प्रथम उपयोगी पडते.

(३) दंड मोजण्याची पट्टी व वजनकाटा हे अंगणवाडीचे केवळ साहित्य नाही, ते इशारा देणारे साधन आहे. त्यावरील नोंदी ग्रामसभेपुढे याव्यात.

(४) शाळेच्या परसबागेतील भाजी मुलांच्या ताटात कोणत्या पदार्थाबरोबर जाते, हे शिक्षकांनी मुलांना समजावून द्यावे. डाळ-उसळीबरोबर लिंबू अथवा हिरवी भाजी का खावी, हा विज्ञानाचा उत्तम पाठ होऊ शकतो.

(५) सरासरीवर समाधान मानू नये. तालुक्याचा आकडा सुधारला तरी वाडी-पाड्यावरील, ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा आकडा वेगळा काढून पाहावा.

कोणतेही एक बी, एक पुडी किंवा एक योजना कुपोषण हटवू शकत नाही. शेत, बाजार, पाणवठा, दवाखाना आणि स्वयंपाकघर यांचा एकत्र विचार जेथे झाला तेथेच बालकांची उंची वाढली, असे रुवांडाचा अनुभव सांगतो. त्या देशाने हा धडा अपार किंमत देऊन शिकला. आपल्याला शांततेचे वरदान लाभले आहे, गावोगावी पंचायत आहे, शाळा आहे, अंगणवाडी आहे. या सर्वांनी आपल्या गावातील एक हजार दिवसांच्या आतील प्रत्येक बालकाचे नाव आणि त्याच्या वाढीची नोंद ठाऊक करून घेतली, तर या कामाची खरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.